पायांत घुटमळणारं मूल हाताशी कसं येतं? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात मी १४ वर्षं बालवाडी चालवते. पालकसभा संपल्यावर चपला शोधता शोधता, बसची वाट पाहताना, रात्री दहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. शेवटचा प्रश्न सोडला तर सगळे दीड ते सात वर्षांच्या मुलांबद्दलचे आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. “मुलांना घरच्या कामात घ्या” असं तुम्ही म्हणता, म्हणजे नेमकं काय करायचं? कामं शिकवायची का?

शिकवणं नंतर. आधी जवळ येऊ द्यायचं.

आपल्याकडे म्हणतात, ‘मूल हाताशी आलं’. दहा-बारा वर्षांच्या मुलाबद्दल आपण हे असं बोलतो की जणू दात येतात तसं तेही वयाप्रमाणे आपोआप येतं. पण आधीची वर्षं आठवून बघा. आई आदोळीवर नारळ खवायला बसते. दीड वर्षाचं पोर तिच्या पाठीला टेकून उभं राहतं आणि खवलेल्या खोबऱ्यात बोटं घालतं. ‘पायांत येऊ नको रे’ म्हणत आपण त्याला उचलून बाहेरच्या खोलीत खेळण्यांत नेऊन बसवतो. हे रोज चालतं, तीन-चार वर्षं. मग सातव्या वर्षी हाक मारतो, ‘ये रे, ताटं घे’, तर ते ढुंकूनही बघत नाही. ते आळशी नसतं. स्वयंपाकघर ही आपली जागा नाही, हे आपणच त्याला इतकी वर्षं शिकवलेलं असतं. आज पायांत येणारं मूलच उद्या हाताशी येतं, आणि पायांत येण्याचा काळ फार थोडा असतो.

म्हणून करायचं एवढंच: आपलं काम मुलाच्या देखत करायचं आणि त्यातला एक खरा तुकडा त्याच्या हाती द्यायचा. प्लॅस्टिकची भाजी आणि खेळण्यातली सुरी नाही. रात्री जेवणात येणारी भेंडी त्याने पुसलेली असली पाहिजे.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी १९७० च्या दशकापासून ग्वाटेमालातल्या सान पेद्रो या माया लोकांच्या गावात मुलं कशी शिकतात याचा अभ्यास केला. तिथली मुलं मोठ्यांच्या आसपास वावरत, बघत, मध्येच हात लावत शिकतात. मेक्सिकोत अशा मुलासाठी ‘आकोमेदीदो’ असा शब्द आहे: काय हवं ते स्वतः ओळखून, न सांगता पुढे होणारा. आपल्या आज्या यालाच ‘पोराला समज आहे’ म्हणायच्या.

२. सुरुवात कितव्या वर्षी करावी?

चालायला लागल्यावर. २००६ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी १८ महिन्यांच्या २४ मुलांवर एक साधा प्रयोग केला. अनोळखी माणूस हातात मासिकांचा गठ्ठा घेऊन बंद कपाटावर आपटतो, किंवा कपडे वाळत घालताना त्याच्या हातून चिमटा पडतो आणि तो पोचत नाही. कुणी मुलांना काही सांगितलं नव्हतं. तरी २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी उठून मदत केली. मदतीची ओढ मुलात असतेच, आपण ती फक्त मोडू नये.

दीड वर्षाचं मूल बटाटे पिशवीतून टोपलीत टाकतं, लादीवर सांडलेलं पाणी फडक्याने पसरवतं (पुसतं असं म्हणवत नाही, पण फडकं हातात असतं). अडीच-तीनला तांबड्या भाजीची पानं खुडणं, तांदूळ धुताना हात फिरवणं, मोजे जोडीने लावणं. चार-पाचला ताटं-वाट्या घेणं, तुळशीला पाणी घालणं, लसूण सोलणं, अंगणातली चुडतं (माडाच्या झावळ्या) ओढत नेणं. सहा-सातला पेजेचे तांदूळ मोजून घेणं, धाकट्या भावंडाला भरवणं. ही यादी भिंतीवर चिकटवू नका. तुमच्या घरात जे काम चालतं तेच यादीत असतं.

३. मदत कसली, नुसता पसारा करतो! सकाळी सातला माझी धावपळ, त्यात हा पीठ सांडतो. वेळ कुठून आणू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि तो बरोबर आहे. सकाळी सातला घेऊच नका. डबा, गणवेश, स्कूल बस असताना पीठ सांडलं तर आपण ओरडणारच, आणि ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या वेळी लांब राहतं. दिवसातलं एक काम आणि एक वेळ निवडा, जिथे दहा मिनिटं जास्त गेली तरी आकाश कोसळणार नाही. बहुतेक घरांत ती संध्याकाळी पाच-सहाची असते.

माझी धाकटी अडीच वर्षांची असताना आम्ही मागच्या पडवीत तांबडी भाजी निवडायला बसायचो. तिच्यापुढे एक जुडी, एक चाळण, एक कागद. पानं चाळणीत आणि देठं कागदावर, असं मी दाखवलं. तिने उलटं केलं: देठं नीट रचून चाळणीत, पानं कागदावर. दुसऱ्या दिवशीही तेच. मी काही बोलले नाही, फक्त माझी जुडी माझ्या चाळणीत खुडत राहिले. साधारण तीन आठवडे भाजीत देठं येत राहिली आणि आम्ही ती चावून खाल्ली. मग एका संध्याकाळी ती मध्येच थांबली, माझ्या चाळणीत डोकावली, आपल्या चाळणीतली सगळी देठं उपसून कागदावर ठेवली आणि पुन्हा सुरू झाली. मान वर करून माझ्याकडे बघितलंही नाही. आता ती अकरा वर्षांची आहे आणि भाजीवाली दिसली की जुडी हलवून कीड बघते.

त्या तीन आठवड्यांत मी रोज दहा मिनिटं जास्त घालवली. सगळी मिळून साडेतीन तास. त्याच्या बदल्यात काय मिळालं याचा हिशेब मी मांडत नाही, पण घाई असताना तो आकडा आठवला की हात थांबतो.

एक कळकळीची विनंती: मुलाने केलेलं काम त्याच्या देखत परत करू नका. त्याने पुसलेल्या ताटावर लगेच आपलं फडकं फिरवलं की त्याला कळतं, आपलं काम खोटं होतं. परत करायचंच असेल तर तो झोपल्यावर करा.

४. काम केलं की चॉकलेट किंवा पैसे द्यावेत का? शेजारच्या घरी तर कामाचे ‘स्टार’ लावतात.

माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनीच २००८ साली २० महिन्यांच्या मुलांवर हे तपासलं. मदत केल्यावर ज्यांना दर वेळी खेळण्याची वस्तू मिळाली, ती मुलं वस्तू बंद होताच कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती आधीसारखीच मदत करत राहिली. बक्षिसामुळे मुलाला वाटतं, हे काम कुणीतरी विकत घेतंय.

घरात आधीच स्टारचा तक्ता असेल तर भांडण करून फाडू नका. महिना संपू द्या आणि नवा लावू नका. मोठ्या मुलाला खर्चायला पैसे द्यायचे असतील तर ते द्या, पण ताटं घेण्याशी त्यांचा संबंध जोडू नका.

५. मग शाबासकीही द्यायची नाही? ‘गुणी बाळ’ म्हटलेलं चालतं का?

प्रेमाने म्हटलेलं कुठल्याही मुलाला बाधत नाही. पण प्रत्येक चमच्यामागे टाळ्या वाजल्या की मूल कामाऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं.

इथे एक गुंता आहे. २०१४ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात ‘मदत कर’ऐवजी ‘मदत करणारा हो’ असं म्हटल्यावर मुलांनी जास्त मदत केली. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांना त्याची दुसरी बाजू दिसली: काम करताना चूक झाली, काही सांडलं, की तीच मुलं लवकर माघार घेत. नाव मोठं लावलं की चूकही मोठी वाटते, असं मला बालवाडीतही दिसतं.

मी कामाबद्दल बोलते. ‘पानं पुसून झाली का? चला, आता पीठ लावू.’ आणि जेवताना घरातल्या बाकीच्यांना सहज सांगते, ‘आजचा लसूण बाबूने सोललाय.’ त्या वेळी त्याचा चेहरा बघा.

६. मी सांगितलं की तीन वर्षांची मुलगी ठाम ‘नाही’ म्हणते. मग सहकार्य कसलं?

तीन वर्षांचं मूल ‘नाही’ म्हणणारच, तो त्याचा नवा शोध असतो. आपण काय बोलतो ते एक दिवस ऐकून बघा. ‘ऊठ, चल, घे, ठेव, आवर, लवकर.’ सकाळपासून झोपेपर्यंत हुकूमच. हुकमाऐवजी बातमी द्या: ‘इथे पाणी सांडलंय.’ मग गप्प राहा आणि मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे कठीण जातात, कारण आपली जीभ चौथ्यालाच सुटते. पण मुलाला ऐकून, समजून, उठायला तेवढा वेळ लागतो.

तरीही ‘नाही’ आलं तर सोडून द्या आणि आपलं काम तिच्याजवळच चालू ठेवा. सामील होण्यात ‘आत्ता नको’ म्हणायची मोकळीक असते. मात्र अंगाला धोका असेल तिथे मोकळीक नाही (प्रश्न १०).

आणि काम ही शिक्षा कधीही करू नका. ‘दंगा केलास ना, आता पेले विसळ’ असं म्हटलं की पेले विसळणं ही वाईट मुलांची गोष्ट होते.

७. सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा पोराला काय राबवता?’ त्या सगळं हातात आणून देतात. काय करू?

त्यांच्याशी वाद घालण्याआधी त्यांचं लहानपण विचारा. आमच्या गावातल्या कितीतरी आज्या आठव्या-नवव्या वर्षी विहिरीवरून कळशा आणत, भावंडं कडेवर घेऊन फिरत आणि त्यापायी शाळा सोडून बसल्या. नातवाच्या हातात झाडू बघून त्यांना ते दिवस आठवतात. त्या लाड करत नाहीत, त्या नातवाला आपल्या वाट्याला आलेल्या कष्टांपासून वाचवत असतात. हे समजून बोललं की सूर बदलतो.

‘आई, त्याला शिकवा ना तुम्ही’ असं म्हणून बघा. आजीचं स्वतःचं एक काम नातवाबरोबर जोडून द्या: तुळशीपुढचा दिवा, देवाची फुलं काढणं, सोलं (कोकमाच्या साली) उन्हात घालणं आणि पावसाचं शिंतोडं आलं की पळत जाऊन आत घेणं. कष्ट आणि सोबत यांतला फरक आजीला आपल्यापेक्षा जास्त कळतो, फक्त तिला तो हुकूम म्हणून ऐकायचा नसतो.

८. मुलालाही भांडी-केर करायला लावायचं का? घरात लोक हसतात.

लावायचं. आणि हसणाऱ्यांपेक्षा वाटणीकडे जास्त लक्ष द्या. बऱ्याच घरांत मला दिसतं, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की पिशवी घेऊन फाटकाकडे पळायचं ते बाबूने, आणि पावाचे उंडे खाऊन झाल्यावर बशा उचलायच्या त्या बायने. बाहेरचं त्याचं, आतलं तिचं. दोघंही कामं करतात, म्हणून आपल्याला सगळं बरोबर वाटतं. आठवड्याने कामं बदला.

यात बाबांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत बाजारातून मासे आणणं हे पुरुषांचं काम असतं. बांगडे आणल्यावर ते साफ करायलाही बाबा बसले, आणि मुलगा शेजारी बसून पाणी ओतत राहिला, तर वेगळं काही शिकवावं लागत नाही.

९. आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. दोघं नोकरीला, अंगण नाही, गुरं नाहीत, सगळी कामं कामवाली करते. आमच्याकडे मुलाला काम उरतंच कुठे?

उरतं. वॉशिंग मशीनमधून कपडे बाहेर ओढणं हे दोन वर्षांच्या मुलाचं अत्यंत आवडतं काम आहे. गॅलरीतल्या स्टँडवर स्वतःची चड्डी वाळत घालणं, किराणा आला की डाळी डब्यांत भरणं, बॉटल भरून फ्रिजमध्ये ठेवणं. पाळणाघरातून सहाला मूल घरी आलं की त्याला कार्टून लावून देऊन आपण एकटीने भराभर उरकतो. त्याऐवजी पहिली वीस मिनिटं दोघांनी मिळून उरका. दिवसभर दुरावलेल्या मुलाला नेमकी तुमची सोबत हवी असते.

कामवालीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. मूल बघतं की आई-बाबा खातात आणि मावशी उचलते. त्यातून ते काय शिकतं, हे आपण विचारात घेत नाही. स्वतःचं ताट मोरीपर्यंत नेणं आणि मावशी येण्याआधी जमिनीवरचे खेळ उचलणं, ही दोन कामं तिच्यावर कधीच सोडू नका. तिला नावाने किंवा मावशी म्हणून हाक मारायची, ‘ए बाई’ म्हणून नाही.

शुक्रवारी सुट्टी मिळाली तर मुलाला म्हापशाच्या बाजाराला न्या. हातात त्याची वेगळी छोटी पिशवी द्या आणि त्याला पेलतील एवढे कांदे त्यालाच उचलू द्या.

१०. सुरी, गॅस, विहीर... भीती वाटते. कुठे थांबवायचं?

भीती वाटायलाच हवी, पण तिला नेमकी जागा दाखवायला हवी. माझ्या ठाम रेषा या:

विहिरीच्या काठाशी मूल एकटं कधीच नाही, काठ उंच असला तरी. भरलेल्या बादलीजवळही लहान मूल एकटं नको, ते थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. पेटता गॅस, उकळतं तेल, कुकर यांपासून हातभर लांब. फिनेल आणि अ‍ॅसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, आपल्याकडे ही सवय फार आहे. चार वर्षांखालच्या मुलाला शेंगदाणे किंवा चणे निवडायला देऊ नका, ते तोंडात जातात आणि घशात अडकतात.

काजूच्या हंगामात बोंडवाची बी पिळून काढायला मुलांना खुशाल घ्या. पण बिया भाजताना आणि फोडताना त्यांना लांब ठेवा, कारण टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. लाकडांच्या, सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) आणि पाल्याच्या ढिगात मुलांना हात घालू देऊ नका, तिथे फुरसं असू शकतं. पावसात शेतात नेणार असाल तर पायावरची जखम आधी बघा. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा आजार होतो आणि तो जखमेतून शरीरात शिरतो.

उरलं सगळं शिकवता येतं. चार वर्षांचं मूल बोथट सुरीने केळं कापतं, पाच वर्षांचं आपण शेजारी बसलो तर काकडी कापतं. माझ्या अनुभवात बोट कापतं ते लपून सुरी घेतलेल्या मुलाचं.

११. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात पंचवीस माणसं. मुलं सतत पायांत. त्यांना खोलीत टीव्ही लावून बसवणं सोपं नाही का?

सोपं आहे, पण तसं करू नका. वर्षभरातली सर्वांत चांगली शाळा त्या पाच दिवसांत घरातच भरते.

माटोळी (गणपतीच्या वर फळांनी सजवून टांगायची चौकट) बांधायची असते तेव्हा बायकापुरुष सगळे कामात असतात. लाकडी चौकटीला वर बांधायचं काम मोठ्यांचं, पण खाली अंगणात चिबूड, तोरिंजन, आंबाडे, सुपारीचे घोस, नारळ यांचा ढीग असतो. तो वेगवेगळा लावायचं काम मुलांना द्या. फळाला दोरी बांधताना दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच. नाव विचारत विचारत मूल काम करतं, आणि ज्या रानफळांची नावं आपल्यालाही आठवत नाहीत ती काकांना विचारावी लागतात. अशी नावं पुढच्या पिढीकडे जायला दुसरी वाट नाही.

पातोळ्यांच्या (हळदीच्या पानांत उकडायच्या गोड पदार्थाच्या) दिवशी हळदीची पानं पुसणं हे मुलांचंच काम आहे असं मी मानते. ओलं फडकं, पानाच्या शिरेच्या दिशेने हळूच, नाहीतर पान फाटतं. फाटलेल्या पानाची छोटी पातोळी त्याच मुलाला. नेवऱ्यांना (करंज्यांना) मुरड घालायला सहा वर्षांची बोटं छान चालतात. तळताना एखादी उघडली तर उघडली. घरातल्या माणसांनी खायची ती नेवरी.

दिवाळीला फोव (पोहे) निवडणं आणि दारात पणत्या लावणं हेही असंच. एकच अट: दर मुलासाठी एक मोठं माणूस ठरवा, ज्याच्याजवळ ते दिवसभर राहील. पंचवीस जणांत ‘कुणीतरी बघेल’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

१२. मोठी सगळं करते, धाकटा हात लावत नाही. काय करावं?

आधी मोठीकडे बघा. तिला ‘सगळं करणारी’ म्हणून आपण गृहीत धरलंय का? तसं असेल तर तिचं एक काम काढून तिच्या खेळाला वेळ द्या.

धाकट्याला तिच्या हाताखाली ठेवू नका. ती त्याला सतत सुधारते आणि मग त्याला काही करावंसं वाटत नाही. त्याचं काम आईबरोबर किंवा बाबांबरोबर, तिच्यापासून वेगळ्या जागी. दोघांची तुलना तोंडातून बाहेरच येऊ देऊ नका.

१३. मोबाईल दिला नाही तर स्वयंपाक होतच नाही. उपाय?

मोबाईल काढून घेऊन त्या जागी पोकळी ठेवली तर मूल रडणारच. त्या वेळी दुसरं काम हातात असू द्या (प्रश्न २). पहिले तीन-चार दिवस वाईट जातील. आणि स्वयंपाक करताना आपण स्वतः मोबाईल ओट्यावर उभा करून बघत असू, तर आधी तो खाली ठेवावा लागेल.

१४. मॉंटेसरी शाळेत मुलांना पाणी ओतायला, बटणं लावायला शिकवतात. हे तेच का?

मूळ एकच. मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तेव्हापासून रोजच्या कामांना त्यांच्या पद्धतीत जागा आहे. आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि अनुताई वाघांच्या साथीने महागड्या साहित्याऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. माझ्या बालवाडीतही करवंट्या आणि शिंपले आहेत, कारण मुलं ती घरून आणतात.

पण शाळेत ओतलेलं पाणी परत जगमध्ये जातं. घरी ओतलेलं पाणी बाबा पितात. त्यामुळे शाळा ही घराची जागा घेऊ शकत नाही, माझी बालवाडीसुद्धा नाही.

१५. आमचं छोटं हॉटेल आहे, मुलगा गिऱ्हाइकांना पाणी देतो. ही बालमजुरी होते का? कुणी तक्रार केली तर?

१९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. तुमच्या कामाचा अपवाद असा: मूल आपल्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या व्यवसायात मदत करू शकतं, पण ते काम धोक्याचं नसावं आणि शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच असावं. कुटुंब म्हणजे आई-बाबा, भावंडं आणि आई-बाबांची भावंडं. शेजाऱ्यांचं दुकान त्यात येत नाही.

कायद्यापलीकडची माझी कसोटी अशी: मूल आलं नाही तर तुमचं काम अडतं का? अडत असेल तर ते मूल सामील नाही, ते कामावर आहे. तिथे माणूस नेमा. खेळ, झोप, अभ्यास यांतलं काही कापून होणारी मदत घेऊ नका, आणि दारू पिऊन बसलेल्या गिऱ्हाइकासमोर लहान मुलाला कधीच पाठवू नका.

१६. माझा मुलगा पाच वर्षांचा, अजून नीट बोलत नाही, ऑटिझमची शंका आहे. त्याला कामात घेता येईल का?

आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. उपचार सुरू झाल्यावर, थेरपिस्टच्या सल्ल्याने, घरचं काम चांगली साथ देतं. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने होणाऱ्या गोष्टी अशा अनेक मुलांना सोप्या जातात. काम फार लहान तुकड्यांत द्या: फक्त चमचे, फक्त पाच ताटांत. बोलून सांगण्यापेक्षा करून दाखवा. ओलं पीठ किंवा मिक्सरचा आवाज सहन होत नसेल तर तो हट्ट समजू नका, दुसरं काम द्या.

माझ्याकडे असा एक मुलगा होता. पावसात सगळ्यांच्या छत्र्या रांगेत सुकत घालायचं काम त्याचं होतं. रंगांप्रमाणे. एकही छत्री चुकायची नाही.

१७. आजोबा अंथरुणावर आहेत. मुलांना लांब ठेवावं का?

त्यांना होणारा आजार संसर्गाचा नसेल तर लांब ठेवू नका. शुश्रूषेचं जड काम मुलांचं नाही: उचलणं, स्वच्छता, औषधाचा डोस या गोष्टी मोठ्यांच्याच. पण चष्मा हातात देणं, पेपरातलं मोठं अक्षर वाचून दाखवणं, पंखा लावणं, पेज आली की ‘आजोबा, पेज’ म्हणून सांगणं हे मूल करू शकतं. त्याला घाबरायला झालं तर खोलीतून जायची मोकळीक द्या आणि का गेलास असं विचारू नका.

१८. आमचा मुलगा दहा वर्षांचा झाला. आतापर्यंत काहीच करू दिलं नाही. उशीर झाला का?

वेगळा रस्ता धरावा लागेल, एवढंच. दहा वर्षांच्या मुलाला फडकं पसरवण्यात रस नसतो. त्याला जबाबदारीचं, थोडं अवघड, मोठ्या माणसांचं काम हवं असतं. आणि तुम्ही अचानक पंधरा कामांची यादी ठेवलीत तर त्याला ती शिक्षाच वाटेल.

आधी खरं सांगा: ‘आम्ही तुला लांब ठेवलं, चूक आमची होती. आता तुझी मदत लागते.’ मग एक पूर्ण काम द्या, तुकडा नाही. मी बहुतेक पालकांना रविवारचं हुमण (माशांची आमटी) सांगते. शनिवारी बाबांबरोबर बाजारात जाऊन मासे बघायचे, डोळा चकचकीत आणि कल्ला लाल आहे ना ते तपासायचं. रविवारी नारळ, मिरच्या, धणे, चिंच यांचं वाटण आईने शेजारी उभं राहून दाखवायचं. मीठ त्याने घालायचं. पहिल्या रविवारी बहुधा खारट होईल. भात जास्त शिजवून ठेवा, आणि पुढच्या रविवारीही मीठ त्यालाच घालू द्या.